प्रेअरीत वटवाघळं शोधताना: आधी पाणी, मग आडोसा, शेवटी फट

वटवाघूळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गावाबाहेरचा वड उभा राहतो. भरदिवसा शेकड्यांनी उलटी लटकलेली, कलकलाट करणारी, दिवेलागणीला चिकूच्या बागेकडे निघणारी ती मोठाली फळखाऊ वटवाघळं. हेच चित्र डोक्यात घेऊन कॅनडाच्या प्रेअरीत आलेला माणूस नदीकाठी मान वर करून फिरतो, झाडं न्याहाळतो आणि हात हलवत परत येतो. मीही पहिला उन्हाळा असाच घालवला.

अल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबाच्या गवताळ पट्ट्यात फळं खाणारं एकही वटवाघूळ नाही. सगळी किडे खाणारी. त्यातलं सगळ्यांत ओळखीचं लिटल ब्राउन जेमतेम आठ-नऊ ग्रॅमचं, पंख मिटले की अंगठ्याएवढं. दिवसा ते फांदीला लटकत नाही, फटीत शिरून बसतं.

दुसरी चूक याहून महाग पडते. लोक थेट मुक्काम शोधायला निघतात. पडक्या कोठाराचं दार ढकलायचं, आत टॉर्च मारायचा, जमलं तर शिडी लावायची. जून-जुलैत हे केलं तर बाळंतीण माद्या बिथरतात, पिल्लं खाली पडतात, कधी अख्खी वसाहत जागा सोडते. म्हणून क्रम उलटा ठेवायचा: वटवाघळं चरतात कुठे ते आधी, तिथवर येतात कशी ते नंतर, आणि राहतात कुठे ते सगळ्यांत शेवटी. गुरं कोणाच्या गोठ्यातली हे चरायच्या रानावरून कळतं, तसंच हे.

## तयारी

महिना. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वटवाघळं दिसतात. शिकायला सगळ्यांत चांगले दिवस जूनचा उत्तरार्ध आणि जुलै. ऑगस्टपासून चित्र बदलतं: होरी, सिल्व्हर-हेअर्ड आणि ईस्टर्न रेड या स्थलांतर करणाऱ्या जाती दक्षिणेकडे निघतात, त्यामुळे आज दिसलेलं वटवाघूळ उद्या शेकडो किलोमीटर पुढे गेलेलं असू शकतं. त्या काळातल्या नोंदींवरून 'इथे राहतं' असा निष्कर्ष काढू नका.

घड्याळ. इथे बहुतेकांचं गणित चुकतं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कॅलगरीत सूर्य मावळतो तो रात्री दहाला पाच-सात मिनिटं कमी असताना. रेजायनात मात्र सव्वानऊच्या आसपास, कारण उन्हाळ्यात दोन्हीकडची घड्याळं सारखीच चालतात, पण रेजायना बरंच पूर्वेला आहे. वटवाघळं सूर्यास्तानंतर साधारण वीस मिनिटांपासून तासाभरात बाहेर पडतात. म्हणजे 'जेवून आठला जाऊन येऊ' हा बेत अल्बर्टात हमखास फसतो. मुलांना आणणार असाल तर दुपारी झोपवून आणा.

हवा. तापमान दहा-बारा अंशांच्या खाली गेलं, पाऊस आला किंवा वारा सुटला की किडे उडत नाहीत, आणि वटवाघळंही बेत रद्द करतात. प्रेअरीत वारा ही रोजचीच गोष्ट. हवामानाच्या अंदाजात आधी वाऱ्याचा वेग बघा, तापमान नंतर.

सामान. घडीची खुर्ची, लांब बाह्यांचा फिक्या रंगाचा सदरा (डासांसाठी आणि गोचिडी चटकन दिसाव्यात म्हणून), जाकीट, वही, लाल प्रकाशाचा टॉर्च. लाल टॉर्च नसेल तर साध्या टॉर्चवर लाल जिलेटीनचा कागद लावा. दुर्बिणीचा अंधारात फारसा उपयोग नाही. इथल्या वटवाघळांचे शिकारीचे आवाज आपल्या कानांना ऐकू येत नाहीत. ते ऐकू येणाऱ्या पट्टीत उतरवणारं डिटेक्टर मिळालं तर मजा दुप्पट होते. फोनला जोडायचे इको मीटर टचसारखे मॉड्यूलही मिळतात. पण पहिल्या दोन-चार रात्री डिटेक्टरशिवाय काढा. नाहीतर नजर पडद्यावर खिळते आणि आकाश राहून जातं.

परवानगी. प्रेअरीतली बरीचशी जमीन खाजगी आहे. कुंपण तुटलेलं असलं, घर ओसाड दिसलं, तरी मालकाला विचारा. शेतकरी बहुतेकदा 'हो' म्हणतात, वर कोठारात कुठल्या कोपऱ्यात लेंड्या पडतात तेही सांगतात. ती माहिती फार मोलाची.

> इशारा: वटवाघळाला उघड्या हाताने कधीही हात लावायचा नाही, जमिनीवर पडलेलं दिसलं तरीही नाही. रेबीज झालेलं वटवाघूळ क्वचितच भेटतं, पण त्याचा चावा इतका बारीक असतो की खूण दिसत नाही. स्पर्श झालाच तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य सेवेशी बोला. अल्बर्टा आणि सस्कॅचेवानमध्ये त्यासाठी ८११ हा नंबर आहे. लक्षणं दिसेपर्यंत थांबण्याचा हा आजार नाही.

## टप्पा १: नकाशावर पाणी शोधा

घरी बसून सुरुवात करा. उपग्रहाचा नकाशा उघडला की प्रेअरी गोधडीसारखी दिसते: चौकोनी शेतं आणि मधून वळणं घेत गेलेली एखादी हिरवी रेघ. ती रेघ म्हणजे नदी आणि तिच्या काठची कॉटनवुडची झाडं. वटवाघळांचं जग त्या रेघेत आहे. कॅलगरी विद्यापीठाच्या रॉबर्ट बार्कले यांनी एका सहकाऱ्यासोबत आग्नेय अल्बर्टात केलेला, २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच दाखवतो: वटवाघळांचा वावर उघड्या माळापेक्षा नदीकाठी एकवटलेला असतो.

कारण साधं आहे. उघड्या माळावर किडे असतात, पण प्यायला पाणी नाही, वाऱ्याला आडोसा नाही, लपायला फट नाही. नदीच्या खोऱ्यात या तिन्ही गोष्टी हाकेच्या अंतरावर मिळतात.

नकाशावर या क्रमाने खुणा करा:

1. नदीचं खोरं. लेथब्रिजजवळची ओल्डमन, डायनासोर प्रोव्हिन्शियल पार्कमधली रेड डिअर, मेडिसिन हॅट आणि सॅस्कटूनची साउथ सस्कॅचेवान. यातली कुठलीही जवळ असेल तर पहिली रात्र तिथेच.
2. शांत पाण्याचा तुकडा. नदीचा सोडून दिलेला बाक, बांधामागचं पाणी, गावातलं तळं. वटवाघूळ उडता उडताच पाणी पितं. त्याला वर काही न उगवलेला, सपाट, मोकळा पृष्ठभाग लागतो. खळाळत्या पाण्यावर ते कमी येतं.
3. डगआउट आणि स्लू. डगआउट म्हणजे इथलं शेततळं आणि स्लू म्हणजे उथळ नैसर्गिक पाणथळ. नदीपासून दूर राहणाऱ्यांना हाच आधार. शेजारी झाडांची रांग असलेलं डगआउट निवडा. चारी बाजूंनी उघडं असेल तर ते यादीत शेवटी टाका.
4. यार्डातला दिवा. शेतघराच्या अंगणातल्या मोठ्या दिव्याभोवती पतंग जमतात, आणि पतंगांमागे होरीसारखी मोठी वटवाघळं.

> तपासून बघा: निवडलेल्या जागी दिवसा एकदा जाऊन या. पश्चिमेचं आकाश पाण्यापलीकडे दिसतंय का? अंधार पडल्यावर त्या उजेडावरच काळी आकृती उठून दिसते. पूर्वेकडे तोंड करून बसलात तर दहा फुटांवरून गेलेलंही कळणार नाही.

दिवसाच्या फेरीचा आणखी एक फायदा. आग्नेय अल्बर्टा आणि नैर्ऋत्य सस्कॅचेवानच्या घळींत, ज्यांना इथे कूली म्हणतात, प्रेअरी रॅटलस्नेक असतो. खुर्ची कुठे ठेवायची आणि पाऊल कुठे टाकायचं नाही हे उजेडी ठरवलेलं बरं.

## टप्पा २: संध्याकाळी बसा, आणि आधी पक्षी वगळा

सूर्यास्ताच्या दहा मिनिटं आधी खुर्चीत असा. बोलणं बंद, फोनचा पडदा बंद.

पहिल्या अर्ध्या तासात जे दिसेल ते बहुधा वटवाघूळ नसेल. पाण्यावर भिरभिरणाऱ्या स्वॅलो पक्ष्यांचे पंख टोकदार असतात आणि ते मधेच पंख स्थिर ठेवून तरंगतात. वटवाघूळ असं तरंगताना सहसा दिसत नाही. मोठी फसवणूक करतो तो कॉमन नाइटहॉक. संध्याकाळी, उंचावर, वेडीवाकडी वळणं, लांब पंख. पण त्याच्या पंखावर पांढरा पट्टा असतो आणि तो नाकातून 'पींट' असं ओरडतो. आवाज कानावर आला म्हणजे तो पक्षी, हा नियम नवशिक्याला पुरतो. फुलांवर घोंगावणारे मोठे स्फिंक्स पतंगही एकदा-दोनदा हातोहात फसवतात.

खरं वटवाघूळ दिसलं की उंची, चाल आणि आकार या क्रमाने नोंद करा. रंग अंधारात दिसत नाही, त्याच्या भानगडीत पडू नका.

- पाण्याला जवळजवळ चिकटून, गिरक्या घेत: बहुधा लिटल ब्राउन. चिलटं, डास, पाण्यातून नुकते बाहेर पडलेले किडे हे त्याचं खाणं. डिटेक्टरवर ४० किलोहर्ट्झच्या आसपास टकटक ऐकू येते.
- झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर, संथ, मोठी वर्तुळं: बिग ब्राउन किंवा सिल्व्हर-हेअर्ड. २५ ते ३० किलोहर्ट्झ. बिग ब्राउनची आवड भुंगेरे. या दोघांचे आवाज इतके सारखे की मुरलेले अभ्यासकही अनेकदा 'दोहोंपैकी एक' एवढंच लिहितात. तुम्हीही तसंच लिहा.
- उंचावर, सरळ रेषेत, वेगाने: होरी. पंखांचा पसारा सुमारे ४० सेंटिमीटर, आवाज २० किलोहर्ट्झच्या आसपास. पतंग हे त्याचं मुख्य खाणं.
- खडकाळ उताराजवळ किंवा झुडपांलगत, लहान आकार: वेस्टर्न स्मॉल-फूटेड किंवा लाँग-ईअर्ड. हे ओळखायला वेळ लागतो. पहिल्या वर्षी 'लहान, ओळखलं नाही' असं लिहायला लाजू नका.

डिटेक्टर असेल तर एक आवाज मुद्दाम ऐका. टक-टक-टक चालू असताना ती अचानक दाट होत जाते आणि शेवटी 'झर्रर्र' होते. ती शिकारीची घाई. हा झर्रर्र वारंवार ऐकू आला तर जागा चरायची आहे. नुसती टकटक येऊन निघून गेली तर ती फक्त जायची वाट. या एका फरकावरून पुढचा टप्पा ठरतो.

'एक वटवाघूळ तासाला हजार डास खातं' हे वाक्य तुम्हाला प्रत्येक पत्रकात भेटेल. त्याचं मूळ बंद खोलीत किडे सोडून केलेल्या प्रयोगात आहे. बाहेर वटवाघूळ जे भरपूर मिळेल ते खातं. डास संपवायला म्हणून वटवाघळांना राहायला पेटी बसवणार असाल तर निराशा होईल.

> इशारा: पाण्यावर पांढरा टॉर्च मारून बघू नका. काही जाती दिवा पडताच ती जागा टाळतात, आणि तुमची अंधाराला सरावलेली नजर परत यायला वीस मिनिटं जातात.

## टप्पा ३: आडोशाच्या रेघा पकडा

आता वटवाघळं कुठल्या बाजूने आली हे बघायचं. त्यासाठी दुसऱ्या संध्याकाळी जागा बदला: पाण्याजवळ न बसता पाण्याकडे येणाऱ्या झाडांच्या रांगेशी बसा.

प्रेअरीतल्या शेतांवर कॅरागाना, ग्रीन अ‍ॅश, मॅनिटोबा मेपल यांच्या लांब रांगा दिसतात. माती उडू नये म्हणून लावलेले हे शेल्टरबेल्ट. लहान वटवाघळं उघडं शेत ओलांडण्यापेक्षा अशा रांगेच्या वाऱ्याआडच्या बाजूने जाणं पसंत करतात. तिथे किडेही साठलेले असतात. कूलीच्या तळाची झुडपं, जुन्या रेल्वेमार्गालगतची झाडी यांचाही तसाच उपयोग होतो.

वारा पश्चिमेचा असेल तर रांगेच्या पूर्वेला बसा. लोक वारा लागतो म्हणून गाडीत बसतात आणि गाडी असते वाऱ्याच्या बाजूला. तिथून काही दिसत नाही.

दोन-तीन रात्री दिशेचे बाण वहीत काढा. सूर्यास्तानंतर लवकर दिसलेल्या वटवाघळांचे बाण जास्त विश्वासाचे, कारण ती मुक्कामातून नुकतीच निघालेली असतात. मध्यरात्रीचे बाण सोडून द्या.

## टप्पा ४: मुक्काम, म्हणजे फट

इथे घाई करू नका. सगळ्यांत जास्त नुकसान याच टप्प्यावर होतं, आणि सगळ्यांत जास्त शिकायलाही इथेच मिळतं.

उन्हाळ्यात मुक्काम चार प्रकारचे असतात.

इमारती. जुनी कोठारं, धान्याच्या लाकडी कोठ्या, चर्चचे माळे, घराच्या छपराखालच्या पोकळ्या. लिटल ब्राउन आणि बिग ब्राउनच्या माद्या इथे एकत्र येऊन पिल्लं देतात. पत्र्याखालची जी ऊब आपल्याला नकोशी होते तीच त्यांना हवी असते. संशोधक कोरी लॉसेन आणि बार्कले यांनी अल्बर्टाच्या प्रेअरीत बिग ब्राउनची तुलना केली तेव्हा खडकात राहणाऱ्यांपेक्षा इमारतीतल्या माद्या लवकर व्यायल्या आणि त्यांची पिल्लंही लवकर उडाली. छोट्या उन्हाळ्यात हे थोडे दिवसही फार मोलाचे. आपलं बाळंतपण शेकोटीच्या खोलीत होई, तसाच हा प्रकार.

पोकळ झाडं. सस्कॅचेवान-अल्बर्टा सीमेवरच्या सायप्रेस हिल्समध्ये बिग ब्राउनच्या माद्या म्हाताऱ्या अ‍ॅस्पेनच्या पोकळ्यांत राहतात. रेजायना विद्यापीठाचे मार्क ब्रिगम आणि क्रेग विलिस यांनी ट्रान्समीटर लावून त्यांचा माग काढला तेव्हा दिसलं की या माद्या दर काही दिवसांनी झाड बदलतात. आज या पोकळीत दहा आणि त्या पोकळीत वीस, परवा वाटणी वेगळी. गट एकच, घरं अनेक. त्यामुळे एका झाडाला 'वटवाघळांचं झाड' म्हणून खूण करून बाकीची वाळकी झाडं तोडणं म्हणजे वाड्याची एक खोली ठेवून बाकी वाडा पाडणं.

पानं आणि साल. होरी मात्र खरोखर फांदीवर असतं, एकटं किंवा मादी आपल्या पिल्लांसह. सायप्रेस हिल्समध्ये व्हाइट स्प्रूसच्या दाट फांद्यांत, वाऱ्याच्या आडोशाला. वाळक्या पानासारखं दिसतं. शोधून सापडत नाही, सापडलं तर नशीब. सिल्व्हर-हेअर्ड सैल सालीच्या घडीत बसतं.

खडक आणि माती. डायनासोर प्रोव्हिन्शियल पार्कच्या उघड्या, झिजलेल्या उतारांत फटी आणि पाण्याने कोरलेली भोकं आहेत. बिग ब्राउन आणि वेस्टर्न स्मॉल-फूटेड त्यांत राहतात. साउथ सस्कॅचेवानच्या खोऱ्यात लाँग-ईअर्डच्या माद्या खडकांच्या फटींत एकेकट्याही आढळतात. या उतारांवर चढू नका. माती ठिसूळ आहे आणि पार्कातला बराच भाग मार्गदर्शकाशिवाय बंद असतो.

### लेंड्यांची परीक्षा

कोठाराच्या भिंतीवर किंवा वळचणीखाली काळे दाणे दिसले की लोक ते उंदराचे समजून सोडून देतात, किंवा उंदराचे असूनही वटवाघळांचे समजून आनंदतात. सोपी परीक्षा: हातमोजा घालून, कागदाच्या तुकड्यात एक दाणा चिमटा. भुगा झाला आणि त्यात चमकणारे कण दिसले तर वटवाघूळ. ते कण किड्यांच्या पंखांचे. कडक राहिला तर उंदीर. भिंतीला चिकटलेले दाणे, फटीच्या बरोबर खाली जमलेली रास, फटीच्या कडेला तेलकट डाग ही आणखी चिन्हं. साठलेली रास झाडून धूळ उडवू नका. साफ करायचीच असेल तर मास्क लावून, आधी पाणी शिंपडून.

काँक्रीटच्या पुलाखाली लेंड्या मिळाल्या म्हणजे तिथे वसाहत आहे असं नव्हे. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री ऊब देतं, म्हणून वटवाघळं खाण्याच्या दोन फेऱ्यांमध्ये तिथे टेकतात. दिवसा पूल रिकामा असू शकतो.

### पहाटेची युक्ती

संध्याकाळी वटवाघूळ फटीतून निघतं ते गोळीसारखं, डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात. पहाटे उलट होतं. आत शिरण्याआधी ती मुक्कामाच्या तोंडाशी बराच वेळ घिरट्या घालतात, भिंतीला टेकतात, परत उडतात. बाणांवरून ज्या इमारतीचा संशय आला असेल तिथे सूर्योदयाच्या सव्वा तास आधी जाऊन बाहेर उभे राहा. जूनमध्ये याचा अर्थ पहाटे चार. थर्मासमध्ये चहा न्या. एका पहाटेत जे कळतं ते चार संध्याकाळींत कळत नाही, हा माझा अनुभव.

> तपासून बघा: फट सापडली का? मग थांबा. आत डोकावणं, बॅटरी मारणं, काठी घालणं यातलं काहीही करायची गरज नाही. पुढची सगळी माहिती बाहेर बसूनच मिळते.

## टप्पा ५: मोजणी

मोजणी दोनदा करायची. पहिली जूनच्या पहिल्या तीन आठवड्यांत, पिल्लं उडायच्या आधी. दुसरी जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत, पिल्लं बाहेर पडू लागल्यावर. पहिल्या आकड्यात मोठ्या माद्या कळतात, दुसऱ्यात त्यात पिल्लांची भर. लोक एकदाच, तेही ऑगस्टअखेर मोजतात आणि मागच्या वर्षीच्या जूनच्या आकड्याशी तुलना करतात. त्या तुलनेला काही अर्थ नाही.

1. सूर्यास्ताला जागेवर बसा. इमारतीला दोन बाजूंनी फटी असतील तर दोन माणसं, प्रत्येकाने एकच बाजू बघायची.
2. बाहेर पडलं की एक वाढवा, परत आत शिरलं की एक वजा करा. वजाबाकी विसरली की आकडा फुगतो.
3. शेवटचं वटवाघूळ निघाल्यावर दहा मिनिटं काही दिसलं नाही, किंवा फट दिसेनाशी झाली, की थांबा.
4. तारीख, सुरुवातीचं तापमान, वारा, पहिलं किती वाजता निघालं हे लिहा.
5. लागोपाठच्या दोन चांगल्या रात्री मोजून दोन्ही आकडे ठेवा. सरासरी काढून मूळ आकडे फेकू नका.

हे आकडे वहीत ठेवण्यापुरते नाहीत. लिटल ब्राउन २०१४ पासून कॅनडाच्या संकटग्रस्त यादीत आहे. अल्बर्टा कम्युनिटी बॅट प्रोग्रॅमसारखे उपक्रम घरमालकांकडून अशा नोंदी घेतात.

## टप्पा ६: मुक्काम आपल्याच घरात निघाला तर

शोधता शोधता अनेकांना कळतं की बाण आपल्याच छपराकडे येतायत. मग घबराट, मग फोमचा डबा, मग फट बंद. आणि जुलैत भिंतीतून कुबट वास. कारण माद्या बाहेर आणि पिल्लं आत राहिली. उरलेल्या माद्या आतला रस्ता शोधत दिवाणखान्यात उतरतात.

माझं मत विचाराल तर माळा राहत्या खोल्यांपासून नीट बंद असेल, तर त्यांना राहू द्यावं. ऑक्टोबरपर्यंत बहुतेक जातात. ते शक्य नसेल तर हा क्रम पाळा.

1. आधी घराच्या आतल्या फटी बंद करा. दिव्यांची भोकं, माळ्याची झडप, पाइपांभोवतीच्या जागा. हे कधीही केलं तरी चालतं.
2. बाहेरच्या फटीला मे ते ऑगस्टअखेर हात लावू नका. काय चालतं, काय नाही हे प्रांताच्या वन्यजीव खात्याला आधी विचारा.
3. पर्यायी पेटी आधी बसवा. शक्यतो आदल्या वसंतातच. दक्षिण किंवा आग्नेयेकडे तोंड, जमिनीपासून किमान चार मीटर, भिंतीवर किंवा खांबावर. झाडावर नको: सावली पडते आणि मांजर चढतं. एका कप्प्याची छोटी शोभेची पेटी प्रेअरीतल्या थंड रात्रीला पुरत नाही. अनेक कप्प्यांची घ्या.
4. सप्टेंबरमध्ये एकदिशी दार लावा. मुख्य फटीवर वरून आणि बाजूंनी चिकटवलेली, खालून मोकळी जाळी, किंवा गुळगुळीत नळी. वटवाघूळ खाली सरकून बाहेर पडतं, परत आत शिरायचं त्याला जमत नाही.
5. त्याच दिवशी बाकीच्या सगळ्या फटी बंद करा. सहा मिलिमीटरची फटही लिटल ब्राउनला पुरते. पेन्सिल शिरते का बघा.
6. दार किमान आठवडाभर ठेवा, आणि त्यात दहा अंशांच्या वरच्या काही रात्री असू द्या. थंड रात्री आतली बाहेर पडतच नाहीत.
7. एका संध्याकाळी बसून मोजा. शून्य आला की दार काढून शेवटची फट बंद करा.

पाचवा आणि सातवा मुद्दा वगळल्यामुळे हे काम फसल्याचं मी वारंवार पाहिलंय. भरपूर पैसे देऊन बोलावलेल्या माणसानेही सातवा वगळला, तो घरमालक पुढच्या जूनमध्ये पुन्हा पहिल्या पायरीवर होता. डांबराच्या गोळ्या आणि आवाज काढणारी यंत्रं यांवर खर्च करू नका.

> इशारा: लहान मूल किंवा झोपलेली व्यक्ती असलेल्या खोलीत वटवाघूळ सापडलं तर ते खिडकीतून सोडायची घाई करू नका. दार लावून घ्या, जमलं तर जाड हातमोज्याने डब्याखाली झाका, आणि आधी ८११ वर विचारा. तपासणी करायची ठरली तर ते वटवाघूळ लागतं.

## टप्पा ७: हिवाळ्यात काय करायचं नाही

थंडी सुरू झाली की लिटल ब्राउन गुहांकडे आणि जुन्या खाणींकडे जातात, कधी शेकडो किलोमीटरवर. प्रेअरीत राहून जातात ते बिग ब्राउन. डायनासोर पार्कच्या खोल फटींत ते शीतनिद्रा घेतात आणि मधेच जागे होऊन उडतातही. लॉसेन आणि बार्कले यांनी उणे ८ अंशापर्यंतच्या थंडीत उडणारी वटवाघळं नोंदवली आहेत. म्हणजे जानेवारीत एखादं दिसलं तर ते आजारीच असेल असं नाही.

गुहेत मात्र जाऊ नका. व्हाइट-नोज सिंड्रोम हा बुरशीचा आजार उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात आढळला. २०१८ मध्ये तो मॅनिटोबात पोचला. ती बुरशी २०२१ मध्ये सस्कॅचेवानच्या ग्रासलँड्स नॅशनल पार्कात आणि २०२२ मध्ये अल्बर्टात सापडली. बुरशी वटवाघळाला शीतनिद्रेतून पुन्हा पुन्हा उठवते, साठवलेली चरबी वसंताआधीच संपते. ती माणसाच्या बुटाला आणि दोराला चिकटून प्रवास करते. पूर्वेकडच्या एखाद्या गुहेत घातलेले कपडे इकडे आणणार असाल तर ५५ अंशांच्या वरच्या पाण्यात किमान वीस मिनिटं बुडवा. जे असं धुता येत नाही ते आणू नका.

एप्रिल-मेमध्ये जमिनीवर मेलेली वटवाघळं दिसली, किंवा भरदिवसा बर्फावर उडताना दिसली, तर फोटो काढून प्रांताच्या वन्यजीव खात्याला कळवा.

आणि उणे वीसच्या रात्री तळघराच्या भिंतीवर एखादं बिग ब्राउन चिकटलेलं दिसलं तर दार उघडून बाहेर हाकलू नका. पुठ्ठ्याच्या खोक्याला बारीक भोकं पाडा, आत एक जुना सुती पंचा ठेवा, हातमोजे घालून डबा त्याच्यावर उपडा करा, मागून पुठ्ठा सरकवून ते खोक्यात सोडा. झाकण चिकटपट्टीने पक्कं बंद करा. खोकं गॅरेजच्या थंड पण न गोठणाऱ्या कोपऱ्यात ठेवा आणि सकाळी वन्यजीव पुनर्वसन केंद्राला फोन लावा. कोणाला स्पर्श झाला असेल किंवा त्या तळघरात कोणी झोपत असेल, तर पहिला फोन ८११ ला.